डोंगरकड्यात उघडलेली जिप्सी

नांदेड मागे पडलं की अर्धापूरच्या अलीकडेच केळीच्या बागा लागतात आणि डोंगरकड्यापर्यंत सोबत करतात. मध्येच ऊस, मध्येच हळदीची पिवळी पडत चाललेली पानं, कुठे हरभरा. मराठवाड्याचं नाव काढलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त टँकर येतो, त्यांनी एकदा या रस्त्याने यावं. ही हिरवाई पैनगंगेची. इसापूरला नदी अडवली आहे आणि तिचं पाणी कालव्याने कळमनुरी, अर्धापूर, नांदेडच्या शिवारात खेळतं. आम्ही निघालो होतो ते त्या धरणाकडेच. हिवाळ्यात जलाशयावर पाहुणी बदकं उतरतात. 2014 साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून दाजींचं आणि माझं तिकडे जायचं बोलणं चालू होतं.

गाडी दाजींची, मारुतीची जिप्सी. 1985 साली रस्त्यावर आलेली आणि 2019 मध्ये तुमच्याआमच्यासाठी बंद झालेली ही गाडी अजून निम्म्या देशाचं काम ओढते आहे. ताडोबात वाघ बघायला माणसं तिच्यातूनच जातात. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा होते, तिथेही उंच केलेल्या जिप्सी चिखलातून वर चढताना दिसतात. दाजींना स्पर्धेशी देणंघेणं नाही. कालव्याला पाणी सुटलं की त्यांच्या बागेकडे जाणारी पाणंद भर डिसेंबरातही मऊ होते. भारी काळी जमीन ती. एकदा चाक बसलं की ट्रॅक्टर येईपर्यंत गाडी हलत नाही. म्हणून त्यांनी गाडी उंच करून घेतली. पाटे जाड टाकले, पाट्यांच्या टोकांचे शॅकल लांब घातले, टायर मोठे बसवले. सगळं मिळून चारेक इंच उंची वाढली. पाणंदीत गाडी रुतायची थांबली आणि हमरस्त्यावर कुरकुरायला लागली. ज्या दुकानात काम झालं होतं तिथे तक्रार केली, तर त्यांनी नवा स्टेअरिंग डँपर लावून दिला. थोडे दिवस बरं वाटलं.

अर्धापूर सोडल्यावर रस्ता चौपदरी आहे, आणि असा रस्ता मिळाला की पाय आपोआप दाबला जातो. वेग सत्तरीला पोचला असेल. एका पुलाचा सांधा लागला, गाडीने छोटा दणका घेतला आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडायला लागली. स्टेअरिंग दाजींच्या हातात ठरेना, डॅशबोर्ड थडथडत होता, पायाखालचा पत्रा वाजत होता. दाजींनी डोकं शांत ठेवलं. ब्रेकवर उभे राहिले नाहीत, स्टेअरिंगशी झगडले नाहीत. चाक हलकं पण नीट धरून ठेवलं आणि पाय उचलला. वेग चाळिशीच्या खाली आला तशी थरथर एकदम थांबली. जगभरातले जीपवाले याला डेथ वॉबल म्हणतात. ज्याने एकदा अनुभवला तो नाव अतिशयोक्तीचं आहे असं म्हणणार नाही. अशा वेळी दाजींनी केलं तेच करावं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

डोंगरकडा समोरच होतं. गावालगत, रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली एक शेड दिसली. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला लागल्या होत्या. हंगाम भरात होता आणि कारखान्याकडे जाणाऱ्या जोडट्रॉल्यांची रस्त्यावर रांग होती. मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांनी जिप्सीला हात लावला नाही. आधी बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “कधी हलतंय स्टेरिंग? कायम, का दणका बसल्यावर?”

या एका प्रश्नातच निम्मं निदान असतं. फक्त ब्रेक मारल्यावर हलत असेल तर डिस्क आणि ब्रेककडे बघायचं. ठरावीक वेगालाच हलतं, पुढे-मागे गेलं की थांबतं, तर चाकाच्या बॅलन्सकडे. गाडी सरळ रस्त्यावर भटकत असेल, सारखी सावरावी लागत असेल, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून माघारी येत नसेल, तर दोष कास्टर, टो किंवा हवेत. खड्ड्यात चाक उतरलं की स्टेअरिंग स्वतःच झटका देऊन एका बाजूला जात असेल, तर स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकचा तिरकेपणा. आणि दणका बसल्यावर सुरू होऊन वेग उतरेपर्यंत न थांबणारी फडफड असेल, तर कुठेतरी ढिलाई आहेच, वर आणखी काहीतरी तिला खतपाणी घालतंय. दाजींनी सगळं सांगितलं. डँपर बदलल्याचंही. मिस्त्री एवढंच म्हणाले, “डँपर काढून ठिवू आधी. त्यो असला की कळत न्हाई काही.”

ही गोष्ट मला फार पटली. डँपरचं काम रस्त्याचे बारीक धक्के मुरवायचं. सांध्यातली ढिलाई तो भरून काढत नाही, काही दिवस झाकतो, आणि तेवढ्या दिवसांत ती वाढते.

मग त्यांच्या पोराने गाडी धुतली. वरून चकाचक करायला नव्हे, चाकांच्या आतून. रिमच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशीच्या पाणंदीतली काळी माती वाळून घट्ट बसली होती, एका अंगाला जास्त. पोराने खुरप्याने उकरून काढली तेव्हा चांगला ढीग पडला. फिरत्या रिमला एका बाजूला एवढं वजन चिकटलं की स्टेअरिंग हलणारच. या भागात तरी निदानाची सुरुवात इथून व्हायला हवी. माणसं चिखलातून येतात, दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घेतात, पैसे मोजतात आणि माती रिममध्ये तशीच राहते. हवाही तपासली. चिखलासाठी कमी केलेली हवा दाजींनी निघताना भरून घेतली होती, तिथे गडबड नव्हती.

धुतल्यावर गाडी सपाट जागेवर घेतली, चाकं जमिनीवरच. मिस्त्रींनी मला स्टेअरिंगवर बसवलं. “थोडं डावं, थोडं उजवं. जड लागलं की परत. आसंच हालवत ऱ्हा.” आणि ते स्वतः पोतं टाकून खाली सरकले. या तपासणीला अवजार लागत नाही. एकाने स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. स्टेअरिंग बॉक्स चासीवर हलतो का, पिटमन आर्म शाफ्टवर फिरतो का, ड्रॅग लिंकचं टोक वर उचललं जातं का, टायरॉड एन्ड चाकाच्या आधी हलतो का. डोळ्याला दिसणार नाही एवढी ढिलाई बोटाला कळते. थोड्या वेळाने खालून हाक आली, “दाजी, तुमी या हिकडं. हात लावून बघा.” मिस्त्री आता त्यांना दाजीच म्हणू लागले होते. मग मीही आळीपाळीने खाली गेलो. बॉक्स पक्का होता, टायरॉड एन्ड चांगले होते. ड्रॅग लिंकच्या नकलकडच्या, म्हणजे चाकाकडच्या, टोकात किंचित खेळ होता. पण खरं दिसलं ते शॅकलपाशी. स्टेअरिंग फिरवल्यावर चाक वळायच्या आधी सगळा ॲक्सलच आडवा सरकत होता. जिप्सीचा ड्रॅग लिंक आडवा असतो. तो चाकाला ढकलतो तेव्हा चासी आणि ॲक्सल यांना एकमेकांच्या जागी धरून ठेवायचं काम पाट्यांवर आणि त्यांच्या बुशांवर येतं. शॅकल लांब केला की तिथला आडवा आधार कमी होतो, आणि बुश जुने असले तर विचारायलाच नको.

मग ड्रॅग लिंक एका टोकाला सोडून मिस्त्रींनी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, फेरे मोजले आणि अर्ध्यावर आणून थांबवलं. स्टेअरिंग बॉक्सचा बरोबर मध्य तो. बॉक्सचे दाते मध्यावर सर्वांत घट्ट बसवलेले असतात, दोन्ही अंगांना खेळ वाढत जातो. आता चाकं सरळ आणि बॉक्स मध्यावर असताना स्टेअरिंगचा दांडा वाकडा दिसत होता. अर्थ स्पष्ट होता. गाडी उंच केल्यावर ड्रॅग लिंक तिरका झाला आणि स्टेअरिंग वाकडं दिसायला लागलं. ते सरळ दिसावं म्हणून कोणीतरी ड्रॅग लिंकची लांबी जुळवण्याऐवजी वरचं चाकच काढून फिरवून बसवलं होतं. म्हणजे इतके दिवस सरळ रस्त्यावर गाडी बॉक्सच्या ढिल्या भागावर चालत होती. उंच केलेली गाडी घेताना हे एवढं तरी तपासून घ्यावं.

नंतर जॅक लावला. पुढचं डावं चाक उचलून मिस्त्रींनी वर आणि खाली हात ठेवून आत-बाहेर हलवलं. टक्, टक्. मला त्यांनी ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. टक्, टक्. या साध्या युक्तीने चाकाची बेअरिंग आणि किंगपिन यांच्यातला संशय मिटतो. ब्रेक दाबला की डिस्क नकलला आवळली जाते. चाकाच्या बेअरिंगचा खेळ असता तर तो तिथेच थांबला असता. थांबला नाही, म्हणजे ढिलाई नकलच्या मागे, किंगपिनमध्ये.

किंगपिन म्हणजे ज्या दोन खुंट्यांवर पुढचं चाक वळतं त्या, एक वर, एक खाली. दोन्हींवर छोटी रोलर बेअरिंग असतात, आणि खुंट्यांच्या टोप्यांखाली पातळ पत्र्याचे शिम घालून ती किती आवळायची ते ठरवतात. हे मोजायला मिस्त्रींनी शेजारच्या केळीच्या वखारीतून घड तोलायचा स्प्रिंगकाटा आणला. टायरॉड सोडला, काट्याचा हूक नकलच्या दांड्याच्या टोकाला अडकवला आणि आडवा ओढला. नकल हलायला लागतो त्या क्षणी काटा किती दाखवतो ते बघायचं. सील काढलेलं असताना किलो-दीड किलोची ओढ लागायला हवी. घडांच्या काट्यावर सुई जवळजवळ जागची हललीच नाही. उजव्या चाकालाही तेच.

वरची टोपी उघडली तेव्हा ग्रीस दुधाळ, करडं निघालं. पाणी शिरलं होतं. मिस्त्रींनी बेअरिंगची बाहेरची वाटी पुसून माझ्या तळहातावर ठेवली. आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक आडव्या खाचा उठल्या होत्या, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. चाकाची बेअरिंग गरगर फिरते, तिचे रोलर सगळीकडे सारखे झिजतात. किंगपिनची बेअरिंग मात्र थोड्याशाच कोनात मागे-पुढे होते आणि बहुतेक वेळ, गाडी सरळ चालत असताना, एकाच जागी उभी असते. सगळे दणके त्याच जागी बसतात आणि रोलर आपले ठसे उमटवतात. वाटी नखाने चाचपली तर प्रत्येक खाच मोजता येत होती. इतक्या लहान वस्तूवर एवढी मोठी गाडी सत्तरच्या वेगाने सरळ राहायची अपेक्षा ठेवून असते, हे त्या दिवशी मी हातात धरून पाहिलं.

बेअरिंग आणायला मिस्त्रींचा पोरगा मोटारसायकलवर नांदेडला गेला. तोवर आम्ही कास्टरकडे वळलो, कारण ढिलाई सापडली तरी तिला खतपाणी कशाचं हा प्रश्न उरलाच होता. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, त्याचा वरचा भाग मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहतं. मोटारीच्या किंगपिनलाही तसाच मागचा झुकाव दिलेला असतो, तोच कास्टर. जिप्सीला तो साडेतीन अंशांच्या आसपास असतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो आणि झुकाव कमी होतो. मिस्त्रींनी गवंड्याची पाण्याची नळी लावून जमीन सपाट असल्याची खात्री केली, मी मोबाइलवरचा कोनमापक किंगपिनच्या वरच्या टोपणावर ठेवला. एक अंशाच्या थोडं वर. म्हणजे चाकाला सरळ राहायची ओढच उरली नव्हती. एक दणका पुरे, मग दोन्ही चाकं, टायरॉडने एकमेकांना बांधलेली, एकमेकांना हेलकावे देत राहणार.

हा रोग जुना आहे. 1920 च्या दशकात पुढे अखंड ॲक्सल असलेल्या मोटारींना याने जेरीस आणलं होतं. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने पुढच्या दोन चाकांची बांधिलकी सोडवण्याचा आग्रह धरला, आणि 1934 च्या कॅडिलॅक गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. लष्करी जीपने मात्र अखंड ॲक्सल ठेवला, कारण दगडधोंड्यांत तोच टिकतो. आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीप आणि जिप्सी त्याच घराण्यातल्या. 2020 नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिला उंच केलं तर त्रास वेगळ्या जागी उठतो, टायरॉडच्या तिरकेपणात, सीव्ही जॉइंटच्या कोनात आणि कॅम्बरमध्ये. जिमनीला अखंड ॲक्सल आहे पण पाटे नाहीत, तिथे पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक समांतर आहेत का ते आधी बघायचं. म्हणून कुणाच्या थारला लागू पडलेला इलाज जिप्सीला सुचवणाऱ्यांचं ऐकू नये.

दुपार कलायला लागली होती. पुढे काय करायचं यावर मिस्त्री आणि दाजी बाजेवर बसून बोलले. एक मार्ग होता पाचरीचा. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून ॲक्सल मागे कलवायचा, झुकाव परत मिळवायचा. दुसरा होता शॅकल मूळ लांबीचे घालायचा, म्हणजे वाढवलेल्या उंचीतली बरीचशी सोडून द्यायची. पाचरीने कास्टर सुधारेल, पण ॲक्सल आडवा सरकायचा तो सरकणारच, आणि ड्रॅग लिंकही तिरका राहणार. मिस्त्रींचं मत शॅकल उतरवण्याचं होतं. “चिखलात उंची लागती, खरंय. पर जाड पाट्यानं आन् टायरानं मिळाली तेवढी बस की.”

मीही माझं म्हणणं मांडलं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. हे मी दंडाच्या भीतीने सांगत नव्हतो. उद्या चाक फडफडून समोरच्या मोटारसायकलवर गाडी गेली तर विम्यापासून सगळेच प्रश्न उभे राहतात, आणि त्यांच्या पलीकडे तो मोटारसायकलवाला आहेच. या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत शाळेची पोरं सायकलवर जातात. दाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी शेतावर फोन लावला आणि गड्याला सांगितलं, आखाड्यावर पत्र्याच्या पेटीत जुने शॅकल ठेवलेत, ते घेऊन डोंगरकड्याला ये.

बेअरिंग आली, शॅकल आले. पोराने नकलचा गोळा डिझेलने धुतला, नवी सील घातली. मिस्त्री शिम बदलत होते, काटा ओढत होते, पुन्हा शिम बदलत होते, दोन्ही चाकांची ओढ सारखी येईपर्यंत. शॅकलला नवे बुश, ड्रॅग लिंकला नवं टोक. बॉक्स मध्यावर, चाकं सरळ, मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवली आणि वरचं स्टेअरिंग पुन्हा आपल्या जागी बसवलं. टोसाठी, म्हणजे चाकांच्या पुढच्या-मागच्या अंतरातल्या फरकासाठी, दोन्ही टायरांच्या मध्यरेषेवर खडूने खूण केली. पुढच्या अंगाचं अंतर टेपने मोजलं, गाडी ढकलून खुणा मागे नेल्या आणि तेच अंतर पुन्हा मोजलं. पुढचं अंतर चार मिलिमीटरने कमी भरलं, तेवढं हवंच होतं. मोबाइल पुन्हा टोपणावर ठेवला, तीन अंशांच्या थोडं वर. डँपर मिस्त्रींनी सर्वांत शेवटी लावला.

चाचणीला तेच आमच्याबरोबर आले, मागच्या बाकावर. तोच पूल, तोच सांधा, आधी पन्नासला, मग साठला, मग सत्तरला. दणका बसला, स्टेअरिंगला एक हलका झटका आला आणि तिथेच विरला. दाजींनी वळणावर हात सैल सोडले तर चाक आपणहून सरळ आलं. साठीला अजून बारीक थरथर होती. मिस्त्री म्हणाले, ती टायरांच्या बॅलन्सची, नांदेडला करून घ्या, आता केली तर उपयोग होईल.

बदकं त्या दिवशी राहिली. वारंगा फाट्यावर गरम खिचडी खाऊन आम्ही कळमनुरीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इसापूर गाठलं. निघताना मिस्त्रींनी दाजींना बजावलं होतं की नवी बेअरिंग बसायला थोडी वाट चालू द्या, महिन्याभरात गाडी परत आणा, काटा पुन्हा लावून बघू आणि लागलं तर एखादा शिम कमी करू. “आन् पाणंदीतनं आलं की रीम आतून धुत चला.” तारीख दाजींनी पंपाच्या वहीत लिहून घेतली.